ब्रह्मी आणि हौसा

मुळाक्षरें शिकवितांना प्रत्येक शिक्षक एका ठिकाणीं अडखळतो. क कमळाचा, ख खडूचा, ग गवताचा, घ घराचा, येथपर्यंत गाडी सुरळीत चालते. मग ङ येतो. ह्या बापड्याला ना कमळ ना घर. आम्हीं शाळेंत चौतीस वर्षें काढलीं आणि दरवर्षीं मुलांस एकच सांगितलें, कीं ङ हें अक्षर खरें, पण त्यानें कोणताहि शब्द सुरू होत नाहीं. एखादा चौकस मुलगा विचारी, "दुसऱ्या भाषेंतसुद्धां नाहीं, गुरुजी?" तेव्हां "जगांत कोठेंहि नाहीं," असें आम्ही बेधडक ठोकून देत असूं. हें विधान साफ चूक होतें. आणि तें चूक असल्याचा पुरावा आमच्या लहानपणीं आमच्याच माजघरांत रोज संध्याकाळीं कानांवर पडत असे.

आमच्या वडिलांचे थोरले चुलत बंधु अण्णा हे तरुणपणीं रंगूनला तांदळाच्या एका पेढीवर कारकून होते. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचाच भाग असल्यामुळें इकडचा मनुष्य नोकरीसाठीं जसा कराचीस जाई तसा रंगूनासहि जाई. १९४२ सालीं जपानी सैन्य चालून आलें तेव्हां लाखों हिंदी लोक तेथून पायीं निघाले. अण्णा प्रोमवरून तौंगुपचा घाट ओलांडून अराकानांत उतरले आणि पुढें चितगांवास पोंचले. त्या वाटांवर पटकीनें आणि उपासमारीनें हजारों माणसें मेलीं. ह्या प्रवासाविषयीं अण्णा घरांत चकार शब्द काढीत नसत.

आमचें शिरगांव तेव्हां भाताच्या खाचरांतलें लहानसें खेडें होतें. आज तें बदलापूर शहरांत मिसळून गेलें आहे आणि खाचरांच्या जागीं सात-सात मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. अण्णा परत आल्यावर शेतीच पाहूं लागले. संध्याकाळीं कणगींतून तांदूळ काढून सुनांना मापून देण्याचें काम त्यांचें. मापटें भरतांना ते हळूच पुटपुटत: तिट्, ह्निट्, थोन्, ले, ङा. आम्हां मुलांना तो एखादा तोडगा वाटे. पांचव्या मापट्याला निघणारा तो नाकांतला ‘ङा’ ऐकून आम्ही फिदीफिदी हंसत असूं. आम्ही दहा-अकरा वर्षांचे असतांना एकदां मोठ्या ऐटींत त्यांना म्हणालों, "अण्णा, ङ नें शब्द सुरू होत नाहीं. गुरुजींनीं सांगितलें आहे." अण्णांनीं वर पाहिलें. "नसेल होत," एवढेंच बोलून ते पुन्हां मापूं लागले.

हें सर्व आतां आठवण्यास कारण आमची सहा वर्षांची नात. आमचा धाकटा पुतण्या उत्तर नायजेरियांतील कानो शहरीं एका कारखान्यांत यंत्रांवर देखरेख करतो. ही त्याची मुलगी. तिला सांभाळणाऱ्या बाई हौसा बोलणाऱ्या. दर रविवारीं सकाळीं भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पोरीचें तोंड दिसतें आणि ती आजीला आधीं हौसांत विचारते, "ईना क्वाना?" म्हणजे, रात्र कशी गेली? उत्तर द्यावयाचें, "लाफिया लौ," म्हणजे अगदीं क्षेम. मग घर कसें आहे, काम कसें आहे, आणि शेवटीं "ईना गाजिया?" म्हणजे शीण कसा आहे, अशी सरबत्ती सुरू होते. शीण विचारणारी भाषा आमच्या कुटुंबाला फार आवडली. "ह्या घरांत चाळीस वर्षांत हें मला कोणीं विचारलें नव्हतें," असें त्या म्हणाल्या. तो टोला कोणाला होता हें वाचकांनीं ओळखावें.

अण्णांची गोष्ट घरांत सर्वांना ठाऊक. म्हणून एका रविवारीं जेवणाच्या पंगतींत वाद निघाला, कीं ह्या दोन भाषांपैकीं आपल्याला जवळची कोणती? सूनबाई म्हणाल्या, ब्रह्मी. कारण त्यांची अक्षरें आपल्यासारखीं आणि धर्म बुद्धाचा. थोरला पुतण्या म्हणाला, हौसा. कारण त्यांत दुनिया आहे, वकील आहे, कलम आहे. आम्ही संस्कृताचे अभिमानी. आम्हीं आपलें मत ब्रह्मीच्या पारड्यांत टाकलें आणि वर असेंहि सांगितलें, कीं ब्रह्मी ही पालीची कन्या, म्हणजे संस्कृताची नातच. हेंहि आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों होतों. पण ह्या खेपेस पुतण्यानें पुरावा मागितला. पावसाळा होता, बाहेर पडण्याची सोय नव्हती. व्याकरणें मिळवून आम्ही बसलों.

प्रथम ब्रह्मी. (ब्रह्मी म्हणजे ब्रह्मदेशची भाषा, अशोकाच्या ब्राह्मी लिपीशीं नांवाचा घोटाळा करूं नये.) त्या देशाचें नांव १९८९ पासून अधिकृतपणें म्यानमार झालें असलें, तरी मराठी घरांत तो ब्रह्मदेशच राहिला आहे, कारण लोकमान्यांनीं १९०८ ते १९१४ हीं वर्षें मंडालेच्या तुरुंगांत काढलीं आणि ‘गीतारहस्य’ तेथेंच लिहिलें. उलट ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्यें मरेपर्यंत रत्नागिरीस नजरकैदेंत होता. त्याच्या थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू रत्नागिरींतच वाढली, तेथेंच तिचा संसार झाला आणि तिची भाषा मराठी झाली. राजाची भाषा नातीच्या तोंडून दोन पिढ्यांत गेली.

ब्रह्मी लिपीची वर्णमाला पाहून कोणाहि मराठी मनुष्यास आपण माहेरीं आलों असें वाटेल. क ख ग घ ङ ह्याच क्रमानें ती चालते. अक्षरें मात्र वाटोळीं. ताडपत्रावर लोखंडी लेखणीनें सरळ रेघ ओढली तर पान चिरतें म्हणून तीं वाटोळीं झालीं, असें सांगतात. आपल्या अंबरनाथच्या देवळाचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. त्यानंतर सुमारें पन्नास वर्षांनीं, १११३ च्या सुमारास, पगान येथें एक चौकोनी शिलास्तंभ उभा राहिला. त्याच्या चार बाजूंवर एकच मजकूर पाली, प्यू, मोन आणि ब्रह्मी अशा चार भाषांत कोरलेला आहे. त्याच्याच आधारानें ब्लॅग्डन ह्या पंडितानें १९११ सालीं नामशेष झालेली प्यू भाषा वाचली. एकाच घाटाचीं अक्षरें आणि चार निरनिराळ्या भाषा! ह्या एका दगडानें आमचा निम्मा सिद्धान्त फोडला. लिपि हें वस्त्र आहे. तें उसनें घेतां येतें.

उरलेला निम्मा शब्दांनीं फोडला. ब्रह्मींत पालीचे शब्द खच्चून भरले आहेत. दुःख आहे, चित्त आहे, कर्म आहे, ज्ञान आहे. सगळ्यांचे उच्चार मात्र बदललेले. ज्याला पाली ‘सासन’ म्हणते त्याचें तेथें ‘थाथना’ होतें, कारण लिहिलेला स ते इंग्रजी ‘थिन्’ मधल्या थ सारखा बोलतात, आणि लिहिलेला च स सारखा. ट ठ ड ढ हीं अक्षरें केवळ पाली शब्दांसाठीं राखून ठेवलेलीं, त्यांचा उच्चार त थ द ध सारखाच. र लिहितात आणि य बोलतात. म्हणूनच आपण ज्याला रंगून म्हणतों त्याला ते यांगोन म्हणतात. अण्णा ज्या अराकानांतून आले तेथील लोकांच्या बोलींत मात्र तो र अजून जिवंत आहे.

परंतु हे शब्द कोणते पाहा. धर्माचे, विद्येचे, राजसभेचे. घरगुती शब्दांकडे वळावें तर पालीचा मागमूस नाहीं. अण्णांचे आंकडे घ्या. त्यांचा ‘थोन्’ म्हणजे तीन हा लिहितांना ‘सुम्’ असा लिहितात; तिबेटी भाषेंतहि तीन म्हणजे सुम्. नऊला ब्रह्मी ‘को’, तिबेटी ‘गु’. पांचाला दोघींतहि ‘ङा’! आणि ‘मी’ ह्या अर्थींहि दोघींत ‘ङा’च. एक, दोन, तीन, मी, तूं, आई, रक्त, डोळा, हे शब्द सहसा कोणी शेजाऱ्याकडून उसने आणीत नाहीं. ब्रह्मी ही तिबेटी भाषेची दूरची बहीण आहे. पालीची ती कन्या नव्हे. फार तर शिष्या म्हणावी. हें वाचलें त्या दिवशीं आम्हांस अण्णांची फार आठवण झाली. अण्णा वारले १९८३ सालीं, आणि त्यानंतरहि कित्येक वर्षें आम्ही वर्गांत तेंच चुकीचें सांगत होतों.

आतां हौसा. उत्तर नायजेरिया आणि नायजर ह्या देशांत पसरलेली ही भाषा पांच कोटींहून अधिक लोकांची जन्मभाषा आहे, म्हणजे ब्रह्मीहून मोठी. शिवाय पश्चिम आफ्रिकेच्या बाजारांतून ती कोट्यवधि इतर लोक व्यवहाराला वापरतात. आफ्रिकेंतल्या भाषा म्हणजे कांहीं तरी अर्ध्याकच्च्या बोली, असा जो समज आपल्या सुशिक्षित घरांतून अजूनहि मुरलेला आहे (आमच्याहि होता), त्याला कसलाच आधार नाहीं. हौसा पूर्वीं अरबी अक्षरांत लिहीत. इंग्रजी अमलांत रोमन अक्षरें आलीं. पुतण्याचे दुनिया आणि वकील तींत खरोखरच आहेत, पण ते अरबींतून गेले आहेत. येथें एक मौजेची गोष्ट आम्हांस आढळली. कलमाला हौसा ‘अल्कलामी’ म्हणते, काजीला ‘अल्काली’, आणि खबर ह्या शब्दाचें तिनें ‘लाबारी’ केलें आहे, कारण अरबींतलें ‘अल्’ हें उपपद शब्दाला चिकटूनच गेलें. आपल्याकडे कलम, काजी, खबर आले ते फारसीच्या दारानें, म्हणून ‘अल्’ वाटेंत गळून पडलें. एकाच घरचे पाहुणे, दोन निरनिराळ्या वाटांनीं दोन गांवीं उतरलेले.

आणि येथेंच आमचा संस्कृताचा अभिमान पुन्हां एकदां उसळला. हौसांत मरण्याला ‘मुतू’ म्हणतात. आम्ही लगेच ओरडलों, मृत! मृत्यु! पुतण्या हंसून म्हणाला, "काका, अरबींतहि मौत आहे, हिब्रूंतहि तसाच शब्द आहे." खरेंच होतें. हौसा ही अरबी, हिब्रू आणि प्राचीन मिसरी ह्या भाषांच्या मोठ्या कुळांतली एक लांबची शाखा. ती चाड सरोवराच्या आसपासच्या भाषांबरोबर वेगळी वाढली. ‘मुतू’ हा शब्द त्या कुळांतला समजतात. संस्कृत मृत्यूशीं त्याचें साम्य हा निव्वळ योगायोग. अरबी क्रियापदांत ‘तो’ साठीं आरंभीं य येतो आणि ‘ती’ साठीं त. हौसांत ‘तो आला’ म्हणजे ‘या झो’, ‘ती आली’ म्हणजे ‘ता झो’. नातें हें असें एका अक्षराच्या आडोशाला लपलेलें असतें, आणि वरचा डामडौल पाहणाऱ्याला तें कधींच दिसत नाहीं.

आमच्या कुटुंबाला ह्या कुळकथेंत रस नव्हता, पण त्यांनीं जें टिपलें तें आमच्या व्याकरणांनीं आम्हांस सुचविलें नव्हतें. नात पडद्यावरून म्हणाली, "आजोबांना म्हणायचें कै, आणि आजीला म्हणायचें के." दोन्हींचा अर्थ ‘तूं’ (तेथें आजोबांना ‘तूं’ म्हटलेलें चालतें काय, हा प्रश्न आम्हीं गिळला). पुरुषाला ‘तूं आलास’ म्हणजे ‘का झो’, स्त्रीला ‘तूं आलीस’ म्हणजे ‘किन् झो’. आमचें कुटुंब म्हणालें, "मग ह्यांत नवल तें काय? आपणहि आलास आणि आलीस वेगळेंच म्हणतों कीं!" इंग्रजीला हा भेद करतां येत नाहीं, ब्रह्मीला क्रियापदांत लिंगच नाहीं, दूर आफ्रिकेंतल्या भाषेनें मात्र आजीला मराठीसारखी स्त्री म्हणून ओळखलें. ब्रह्मींत गंमत उलट आहे. तेथें बोलणारा पुरुष स्वतःला नम्रपणें ‘च्यनॉ’ म्हणतो आणि स्त्री ‘च्यमा’. त्यांतल्या पुरुषाच्या शब्दाचा मूळ अर्थ ‘राजाचा दास’.

वाक्याच्या रचनेंत मात्र ब्रह्मी आपली शेजारीण शोभते. मी, मग भात, मग खाणें, क्रियापद शेवटीं. ‘रंगूनमध्यें’ म्हणतांना ‘मध्यें’ नामाच्या मागें. हौसा म्हणते ‘तिनें खाल्लें अन्न’, आणि ‘मध्यें कानो’. ब्रह्मींत मोजतांना नुसता आंकडा चालत नाहीं. माणसांसाठीं एक शब्द, जनावरांसाठीं दुसरा, भिक्षूंसाठीं तिसरा, वाहनांसाठीं चौथा. आपण ‘चार जण’ म्हणतों त्यांतला ‘जण’ तेथें प्रत्येक वस्तूला लागतो म्हणा ना! हौसा अनेकवचनाचे इतके प्रकार करते, कीं आमच्या संस्कृत विभक्तींची भीति वाटणाऱ्या विद्यार्थ्यांनीं एकदां तिकडे पाहावें: गिदा म्हणजे घर, घरें म्हणजे गिदाजे, दोकी म्हणजे घोडा, घोडे म्हणजे दावाकी, सार्की म्हणजे राजा, राजे म्हणजे साराकुना.

दोन्ही भाषांत एक गोष्ट समान आहे आणि तीच मराठी मनुष्यास सर्वांत अवघड: सूर. एकच अक्षर उंच, खालच्या किंवा घसरत्या सुरांत म्हटलें कीं शब्दच बदलतो. ब्रह्मींत खालच्या सुरांतला ‘खा’ म्हणजे हलणें, उंच सुरांतला म्हणजे कडू असणें. शिवाय घसा आंवळून काढलेला तिसरा आणि मध्येंच तोडलेला चौथा. ‘ङा’ खालच्या सुरांत ‘मी’, उंच सुरांत ‘पांच’ आणि ‘मासा’ देखील! हा उंच सूर लिहून दाखविण्यास ब्रह्मी लोक चिन्ह कोणतें वापरतात? आपला विसर्ग. ङा म्हणजे मी, ङाः म्हणजे पांच. विसर्गाचे दोन ठिपके तेथें जाऊन सुराच्या नोकरीस लागले आहेत. हौसांत ‘कै’ सरळ उंच म्हटला तर ‘तूं’, घसरता म्हटला तर ‘डोकें’. रोजच्या लिखाणांत मात्र हे सूर दाखवीतच नाहींत, वाचणाऱ्यानें ओळखावे.

ज्यांनीं वेदपठण ऐकलें आहे त्यांना उदात्त, अनुदात्त, स्वरित ठाऊक आहेत, आणि त्वष्ट्याची कथाहि. इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून त्यानें यज्ञ केला. पण ‘इंद्रशत्रु’ ह्या शब्दांत उदात्त शेवटीं देण्याऐवजीं आरंभीं दिला गेला, तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला, आणि इंद्राला मारणारा जन्मण्याऐवजीं इंद्र ज्याला मारणार असा वृत्र जन्मला. एका सुरानें पोटचा पोर गेला. वैदिक सुरांत आणि ह्या भाषांच्या सुरांत फरक आहे. तेथें एका शब्दाला बहुधा एकच उदात्त, येथें प्रत्येक अवयवाला आपापला सूर. आणि सूर हाहि नात्याचा पुरावा नव्हे. आपली सख्खी बहीण पंजाबी हिनें घ, झ, भ यांचा महाप्राण टाकून त्या जागीं सूर घेतला आहे, म्हणून ती चिनी होत नाहीं.

हौसाचा आणखी एक उच्चार आम्हांस पुस्तकावरून समजेना. ब आणि ड ह्यांचे दोन-दोन प्रकार तींत आहेत; दुसऱ्या प्रकारांत श्वास बाहेर टाकण्याऐवजीं किंचित् आंत ओढल्यासारखा होतो. रोमन लिपींत त्यांसाठीं शेंडीला आंकडा असलेलीं अक्षरें काढलीं आहेत. गुरु शेवटीं शेजारींच भेटला. उल्हासनगर हें दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या जागेवर वसलेलें गांव. फाळणीनंतर तेथें सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्यें त्याला हें नांव मिळालें. सिंधी भाषेंत हेच आंत ओढलेले ब आणि ड आहेत. देवनागरींत ते ॿ आणि ॾ असे लिहितात. सिंधींत दोन म्हणजे ‘ॿ’, दहा म्हणजे ‘ॾह’. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध सिंधी कापडवाल्यांनीं दुकानांत बसवून आम्हांस ते शिकविले, आणि आमचा ‘ॿ’ ऐकून त्यांची नातवंडें गल्ल्यामागें लोळण घेऊं लागलीं. पुढच्या रविवारीं आम्हीं नातीला हौसांतला ‘एक’ म्हणजे ‘ॾाया’ म्हणून दाखविला. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "आजोबा, बरोबर!" सेवानिवृत्तीनंतर मिळालेलें हें आमचें पहिलें प्रमाणपत्र.

ह्या दोन भाषांची प्रत्यक्ष गांठ कधीं पडली काय? पडली, आणि तीहि अण्णांच्याच वाटेवर. १९४३ ते १९४५ ह्या काळांत पश्चिम आफ्रिकेंतील ८१ वी आणि ८२ वी ह्या डिव्हिजन अराकानांत जपान्यांविरुद्ध लढल्या. त्यांतील नायजेरियाच्या पुष्कळ शिपायांची एकमेकांशीं बोलण्याची भाषा हौसा होती. कालादान नदीच्या खोऱ्यांत रस्ते नव्हते. विमानांतून टाकलेलें सामान हे लोक डोक्यावरून वाहून नेत. लागोस शहरांतील एका लष्करी वसाहतीचें नांव त्या आठवणींत ‘अराकान’ असें आहे. पुतण्या एकदां तिच्यावरून गेला तेव्हां त्यानें फाटकावरची पाटी वाचून मुद्दाम कळविलें.

पुढें दोन्ही देश स्वतंत्र झाले तेव्हां दोघांचेहि पहिले पंतप्रधान एके काळचे शाळामास्तर आणि लेखक निघाले: ब्रह्मदेशचे ऊ नू, आणि नायजेरियाचे अबुबकर तफावा बलेवा, ज्यांची ‘शैहु उमर’ ही हौसा कादंबरी १९३४ ची. आमच्या व्यवसायाविषयीं लोक कांहींहि म्हणोत.

तेव्हां पंगतींतल्या वादाचा निकाल असा, कीं दोघीहि आपल्या कोणी नव्हेत. सूनबाईंना अक्षरें दिसलीं, पुतण्याला उसने शब्द दिसले, आम्हांला तर जें हवें होतें तेंच दिसलें. निकाल कोणासच फारसा रुचला नाहीं.

गेल्या रविवारीं नातीनें हौसांत एक ते दहा म्हणून दाखविले: ॾाया, बियू, उकू, हुॾू, बियार, आणि पुढें गोमापर्यंत. मग तिनें विचारलें, "आजोबा, ते तुमचे तांदूळ मोजायचे आंकडे कसे होते?" आम्हीं म्हणूं लागलों. पांचव्याला ती खुदकन् हंसली.

"आजोबा, तुम्ही नाकांतून बोलतां!"

"बोलत असेन," आम्ही म्हणालों, आणि सहाव्याकडे वळलों.